माशाच्या गोष्टीची राखण

व्हर्ना कुबिचेकला कार्टून आवडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकून कुणालाही वाटेल की ही बाई कार्टूनवेडी असणार. तिला आवडतात त्या गोष्टी म्हणजे गरम कॉफी, मोकळा रस्ता आणि कुणी न बोलणं. सीडर रॅपिड्समध्ये शाळेची बस चालवणाऱ्या बाईला यातली एखादीच एका वेळी मिळते.

मी तिच्याच डेपोतली. तिची बस आणि माझी बस शेजारी उभ्या राहतात, त्यामुळे थंडीत इंजिन तापेपर्यंत आम्ही दोघी एकीच्याच बसमध्ये बसतो. तेव्हाची व्हर्ना मला आठवते ती अशी: डोक्यावर लोकरी टोपी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात फोन, आणि ओठ घट्ट मिटलेले.

"काय झालं आता?" मी विचारायची.

"दोन मोठी माणसं भांडतायत. एकाला नातवंडं आहेत."

"कशावरून?"

"माशावरून."

मग ती एका बोटाने टकटक करत काहीतरी लिहायची, फोन खिशात टाकायची आणि गियरच्या दांड्यावर हात ठेवून दोन मिनिटं नुसती समोर बघत राहायची. मुलं अजून चढायची असायची, आणि ही आत्ताच दमलेली.

तो मासा कोणता, ते सांगते. 'पिकरेल आणि मंडळी' नावाची एक कार्टून मालिका होती. तळ्याकाठी गळ, आमिष आणि शिळी सँडविचेस विकणारं कुटुंब: बाप हब, आई डॉट आणि दोन मुलं. मालिका बरीच वर्षं चालली, मग बंद पडली, पण जुने भाग कुठे ना कुठे लागतच असतात. त्यातल्या एका भागाला सगळे 'झोपडीचा भाग' म्हणतात. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलेलं कुटुंब हिमवादळात एका लाकडी झोपडीत अडकतं. वेळ जावा म्हणून हब आपल्या काकाची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीतला काका खानावळीत बसून एका फिरत्या विक्रेत्याची गोष्ट सांगतो. काकाच्या गोष्टीतला विक्रेता बादलीतल्या माशाला आपली रडकथा ऐकवतो. मासा ऐकून घेतो आणि म्हणतो, "थांब बाबा, आता माझी ऐक. एकदा एका झोपडीत चार माणसं अडकली होती..." आणि पडदा काळा होतो. भाग संपला. माशाची गोष्ट पुरी होत नाही, विक्रेत्याची होत नाही, काकाची नाही, हबची नाही. झोपडीचं दार शेवटपर्यंत उघडतच नाही.

या एवढ्यावरून माणसं वर्षानुवर्षं भांडत होती. इंटरनेटवर त्यांचा एक कट्टा होता आणि त्या कट्ट्यावर दोन मुख्य पक्ष होते. बाहेरवाले म्हणायचे, "अरे, पुढच्याच भागात हब दुकानात उभा राहून गांडुळं विकतोय. म्हणजे सुटले ना! गंमत केली लेखकांनी, हसा आणि झोपा." आतवाले म्हणायचे, "सुटले नाहीत. त्यानंतरची अख्खी मालिका माशाने सांगितलेली गोष्ट आहे. डोळे असतील तर हबची टोपी बघा, आधी लाल होती, नंतर तपकिरी." बाहेरवाले म्हणायचे, "रंग संपला असेल चित्रकाराचा." मग आतवाले चिडायचे. अधूनमधून एखादा नवखा यायचा आणि निरागसपणे विचारायचा, "मी आजच पाहिला हा भाग. शेवटी ते बाहेर आले का हो?" त्याच्यावर दोन्ही बाजू तुटून पडायच्या. कुणी म्हणे काकाची गोष्ट सगळ्यात विनोदी, विक्रेत्याची उगाच लांबवली. कुणी म्हणे दोन थर ठीक होते, तिसरा म्हणजे निव्वळ शेखी. एक जण दर हिवाळ्यात उगवायचा आणि 'हा भाग भिकार आहे' एवढंच लिहून वसंतापर्यंत गायब व्हायचा.

या कट्ट्याची राखण व्हर्नाकडे होती. शिव्या पुसायच्या, भांडणं थंड करायची, फारच माजलेल्याला आठवडाभर बाहेर उभं करायचं. सकाळची फेरी झाली की दुपारच्या फेरीपर्यंत बाकीच्या ड्रायव्हरणी घरी जाऊन आडव्या व्हायच्या. व्हर्ना डेपोतल्या सोफ्यावर बसून तक्रारी वाचायची.

"सोड ना हे," मी एकदा म्हटलं. "तुला तर ती मालिका बघवतही नाही."

"रॉलीचं आहे," ती म्हणाली.

रॉली तिचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही त्याने. व्हर्नाचा नवरा अ‍ॅरिझोनाला निघून गेल्यावर रॉली तिच्या घराच्या तळघरात राहायला आला आणि तिथेच राहिला. ओट्सच्या कारखान्यात कामाला होता. घरात शिरला की भाजक्या धान्याचा वास आधी यायचा आणि मागून रॉली. बुजरा माणूस. दुकानातून आणलेला खराब माल परत करायलाही बहिणीला पाठवायचा. पण तळघरात कॉम्प्युटरपुढे बसला की वेगळाच. कट्टा त्यानेच सुरू केलेला. तिथे त्याचं नाव 'गळवाला', आणि गळवाल्याला सगळे मानायचे. वर स्वयंपाकघरात व्हर्नाला त्याचं एकट्याचं खो खो हसणं ऐकू यायचं.

त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. आयोवा सिटीच्या मोठ्या दवाखान्यात ठेवला, तेव्हा बोलताना धाप लागत होती तरी त्याने बहिणीला पलंगाजवळ बोलावून कट्ट्याचा पासवर्ड सांगितला.

"थोडे दिवस बघ गं. कुणी शिवीगाळ केली की पुसून टाक. बाकी काही करायचं नाही."

"मला काय कळतंय त्यातलं!"

"कळायला नकोच. बाजू घ्यायची नाही कुणाची. राखणदाराला मत नसतं."

त्या हिवाळ्यातच तो गेला. अंत्यविधी झाला, लोकांनी आणलेली हॅम आणि बटाट्याची भांडी रिकामी करून ज्याची त्याला परत केली, आणि मग एका दुपारी व्हर्ना तळघरात उतरली. सगळ्यांना कळवून टाकावं आणि दिवा बंद करावा, असा तिचा बेत होता. तिने रॉलीच्या नावाने कट्टा उघडला. उघडताच कुणीतरी लिहिलं, 'आला रे आला! गळवाल्या, कुठे होतास? आम्ही घाबरलो होतो.' त्याखाली भराभर माणसं आली. एकाने लिहिलं, 'म्हातारा जिवंत आहे, आता नीट वागा.'

व्हर्नाने मला हे सांगितलं तेव्हा ती कॉफीच्या कपाकडे बघत होती. "एवढी खूश झाली होती गं माणसं. मी म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगते."

उद्या तिने नाही सांगितलं. आठवडा गेला, महिना गेला, आणि मग ते सांगण्यासारखं राहिलंच नाही. रोज जेवायला येणाऱ्याला महिन्याभराने कसं सांगायचं की यजमान पहिल्याच दिवशी गेला? ती रॉलीसारखं लिहायला शिकली. तो थोडंच लिहायचा, त्यामुळे जमलं. 'पुरे आता.' 'आईवर जाऊ नका.' 'टोपीबद्दल आधी बोलून झालंय.' एवढ्यावर वर्षं निघाली. डेपोत फक्त मला माहीत होतं, आणि मी कुणाला सांगणार?

पण माणसं नुसती माशावर कुठे बोलतात! एकेकटी असली की राखणदाराला खासगीत लिहायची. मिलवॉकीची एक डेल्फिन ऑक्स होती, शाळेची ग्रंथपाल, बाहेरवाल्यांची म्होरकी. कट्ट्यावर तिची जीभ सुरीसारखी. ती खासगीत लिहायची की आईला आता माझं नाव आठवत नाही. व्हर्ना फेरीआधी बसमध्ये बसून तिला उत्तर लिहायची. काय लिहितेस, मी विचारलं होतं. "काय लिहिणार? खाऊन घे म्हटलं. आईच्या हाताला क्रीम लाव म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचे हात कोरडे पडतात."

एकाची नोकरी गेली, एकाचा मुलगा बोलेना, एकाला रात्र सरत नव्हती. सगळे गळवाल्याकडे. घरी आली की व्हर्ना बूट न काढता खुर्चीत बसायची. "नेल," मला म्हणायची, "मला माझ्या भावासाठी रडायला वेळ मिळाला नाही गं. मीच तो होऊन बसले."

गोष्ट थांबली ती फेब्रुवारीत, रेल्वेच्या फाटकावर. आमच्याकडे नियम आहे: रूळ आले की शाळेच्या बसने थांबायचं, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं, मग दार लावून पुढे जायचं. त्या दुपारी व्हर्ना थांबली, दार उघडलं, मालगाडी आली आणि निघून गेली. व्हर्ना तिथेच. आदल्या आठवड्यात झोपडीचा भाग पुन्हा कुठेतरी लागला होता आणि कट्ट्यावर वणवा पेटला होता. आतवाल्यांपैकी पिओरियाचा वेंडेल स्प्राउल, जो तिथे 'तिसरा थर' नावाने लिहायचा, त्याला डेल्फिनने 'माशाहून मंद' म्हटलं होतं. ते पुसायचं की ठेवायचं, याचा विचार व्हर्ना करत होती. उघड्या दारातून बर्फाचा वारा आत येत होता. मागून मुलं ओरडायला लागली, "मिस व्हर्ना! गाडी गेली! गार लागतंय!" मागच्या ट्रकने हॉर्न दिला तेव्हा ती भानावर आली.

काही झालं नाही. मुलं घरी पोचली. पण डेपोत आल्यावर तिने बस बंद केली आणि उतरलीच नाही. मी चढून गेले तर स्टिअरिंगच्या चाकावर कपाळ टेकून बसलेली.

"काय गं, बरं नाही का?"

"किती वेळ दार उघडं ठेवलं मी, मला सांगता येत नाही. मागे मुलं होती, नेल. आणि माझ्या डोक्यात मासा."

त्याच संध्याकाळी तिने कट्ट्यावर लिहिलं: उन्हाळ्याआधी कट्टा बंद होणार. मी थकलोय. 'थकलोय' असंच लिहिलं, पुरुषी. सवयीने.

मग काय, हाहाकार. कुणी विनवण्या केल्या, कुणी रागावलं, 'भिकार आहे' म्हणणारा तो माणूससुद्धा अवेळी उगवला आणि म्हणाला, असं करू नका. शेवटी डेल्फिनने लिहिलं, 'बंद करायचा तर कर, पण आधी एकदा सगळ्यांनी भेटू. तू सीडर रॅपिड्सला असतोस ना? आम्ही येतो. एकत्र बसून झोपडीचा भाग बघू आणि तुझ्या तोंडून ऐकू की शेवटी ते आत आहेत की बाहेर.'

"नाही म्हण," मी व्हर्नाला म्हटलं.

"नाही म्हणायलासुद्धा जीव लागतो गं," ती म्हणाली. "येऊ दे. तोंडावर सांगते आणि मोकळी होते."

वसंतात एका शनिवारी दुपारी ती माणसं आली. आमच्या चेक लोकांच्या वस्तीतल्या चर्चचं तळघर तिने मागून घेतलं होतं. तिथे बारशाची, मयताची सगळी जेवणं होतात. सकाळपासून व्हर्नाने खसखशीचे आणि जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, भाजले होते. मी कॉफीचं मोठं पातेलं लावलं. व्हर्नाने चांगला निळा ब्लाउज घातला होता आणि घामाने तो पाठीला चिकटला होता.

एकेक जण जिना उतरायला लागला. काय काय कल्पना केली होती मी! प्रत्यक्षात सगळी तुमच्याआमच्यासारखी माणसं. प्रवासाने चुरगळलेली, हातात काहीतरी खायचं. कुणी चीज आणलेलं, कुणी चिप्सची पिशवी. वेंडेल स्प्राउल उंच आणि वाकलेला, विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, डोक्यावर लाल टोपी. काय वाट्टेल ते म्हणा, ती टोपी त्याने मुद्दाम घातली होती. डेल्फिन ऑक्स बुटकी, पांढऱ्या केसांची, गळ्यात दोन चष्मे. दोघं जिन्याच्या पायथ्याशी एकमेकांसमोर आली.

"तुम्ही तिसरा थर?" डेल्फिनने विचारलं.

"हो. तुम्ही...?"

"मी तुम्हाला माशाहून मंद म्हटलं होतं."

"हो हो, आठवतं," वेंडेल म्हणाला, आणि त्याने तिचा कोट घेऊन खुंटीला लावला. "रस्ता कसा होता? वारा होता का?"

"वारा फार हो."

बास. एवढं भांडलेली माणसं समोरासमोर आली की हवामानावर बोलतात.

खुर्च्या भरल्या. सगळे दाराकडे बघत होते. शेवटी डेल्फिन म्हणाली, "गळवाला कुठे आहे? स्वतःच्याच घरच्या कार्याला उशीर?"

व्हर्ना कोलाच्यांचं ताट हातात घेऊन उभी होती. ते खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

"गळवाला म्हणजे माझा भाऊ," ती म्हणाली. "रोलंड. रॉली. तो वारला. बरीच वर्षं झाली. दवाखान्यात असताना म्हणाला थोडे दिवस बघ, म्हणून मी बघत होते. तेव्हापासून मीच आहे. मला सांगायचं होतं. दर वेळी राहून गेलं."

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. एक बाई हळूच म्हणाली, "अरे देवा, रॉली नाव होतं होय त्याचं."

डेल्फिन उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "माझी आई गेली तेव्हा मी ज्याला लिहिलं..."

"ती मी."

"हाताला क्रीम लाव म्हणाला होता तो."

"मी म्हणाले होते."

"मी त्याला माणूस समजत होते!" डेल्फिन म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो ते तिचं तिलाच कळलं, पण मागे हटली नाही. "तुम्हाला काय अधिकार होता? मी घरच्यांना नाही सांगितलं ते त्याला सांगितलं. आणि वाचत कोण होतं, तर एक परकी बाई!"

"खरं आहे," व्हर्ना म्हणाली. "चुकलं माझं."

डेल्फिनने खुंटीवरचा कोट ओढला आणि जिना चढून गेली. वरचं दार आपटलं.

व्हर्ना तशीच उभी. मी जाऊन तिच्या हातातलं ताट घेतलं. तेव्हा वेंडेलने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि घसा खाकरला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

सगळे वळले.

"रॉली मला दर रविवारी फोन करायचा. आम्ही दोघंच बोलायचो, कट्ट्यावर कुणाला सांगितलं नव्हतं. एका रविवारी फोन आला नाही, पुढच्याही नाही. मग मी इथल्या पेपरात शोधलं आणि तो गेल्याची बातमी मिळाली." तो व्हर्नाकडे बघून म्हणाला, "दोन दिवसांनी गळवाला कट्ट्यावर आला आणि त्याने लिहिलं, 'आईवर जाऊ नका.' रॉली असलं कधी लिहिता ना. तो म्हणाला असता, 'माशावर बोला, आईला घरी राहू द्या.' म्हटलं, ही बहीण असणार. तो तुमच्याबद्दल फार बोलायचा."

"मग बोलला का नाहीत?" व्हर्नाने विचारलं.

"तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. आणि खरं सांगू? तो अजून आहे असं भासायचं. मलाही बरं वाटायचं."

व्हर्ना खाली बसली. रडली नाही. नुसती पायांतले बूट सैल केले, सगळ्यांदेखत.

थोड्या वेळाने मी वर जाऊन बघितलं. डेल्फिन गाडीत बसून स्वतःच आणलेलं चीज खात होती. मी काचेवर टकटक केली. तिने काच खाली केली. "मी काही माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "पण मिलवॉकीहून गाडी हाकत आलेय. भाग सुरू करताना हाक मारा."

मग सगळ्यांनी मिळून झोपडीचा भाग पाहिला, भिंतीवर चादर ताणून. डेल्फिन मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसली. व्हर्नाने तो भाग आयुष्यात एकदाच पाहिला होता, रॉलीच्या शेजारी, तोही अर्धा झोपेत. मी तिच्याकडे बघत होते. काकाच्या गोष्टीत खानावळीतला वाढपी तिसऱ्यांदा तेच सूप परत आणतो तिथे ती हसली. मासा बोलायला लागला तशी पुढे झुकली. पडदा काळा झाला, आणि काळाच राहिला.

दिवे लागायच्या आतच सुरुवात झाली. कुणी म्हणालं, टोपी बघितली का, टोपी! कुणी म्हणालं, चादरीवर सगळंच तपकिरी दिसतंय. डेल्फिनला राहवेना. ती मागून ओरडली, "पुढच्या भागात डॉट म्हणते ना, मागच्या आठवड्याची थंडी अजून हाडांत आहे! मग? बाहेर आल्याशिवाय म्हणते का?" वेंडेल म्हणाला, "मासा म्हणवतोय तिच्याकडून." "तुम्ही आणि तुमचा मासा!" आणि ती दोन खुर्च्या पुढे येऊन बसली, त्याच्याशी नीट भांडता यावं म्हणून.

मग कुणीतरी विचारलंच. "रॉलीचं काय मत होतं? त्याने कधी सांगितलं नाही."

व्हर्नाने मान हलवली. "मला नाही माहीत. राखणदाराला मत नसतं म्हणाला."

सगळ्यांच्या नजरा वेंडेलकडे गेल्या. तो जरा घुटमळला.

"मला सांगितलं होतं त्याने. कुणाला सांगू नको म्हणाला होता." त्याने टोपी फिरवली. "रॉलीला हा भाग फारसा आवडायचा नाही."

"काय?" डेल्फिन म्हणाली.

"तो म्हणायचा, आत नाही आणि बाहेर नाही. लेखक दमले होते. एकात एक गोष्टी घालत गेले, परत बाहेर कसं यायचं ते सुचेना, शुक्रवार संध्याकाळ झाली, दिवा बंद करून घरी गेले. मी म्हटलं, मग हे आम्हाला सांगत का नाहीस? तर हसायला लागला. म्हणाला, तुम्ही भांडता ते आवडतं मला. वेंडेल, तुम्ही भांडला नाहीत तर मी संध्याकाळी काय करू?"

मग मागून एक जण म्हणाला, "मी तर दर हिवाळ्यात हेच सांगत होतो, भिकार आहे म्हणून," आणि सगळे एकदम हसले. व्हर्नासुद्धा. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. बाजूच्या बाईने तिच्या हातात कागदी रुमालांचा गठ्ठाच दिला. कुणी तिला थांबवायला गेलं नाही. कॉफी ओतली, कोलाचे वाटले, आणि चर्चा विक्रेत्याच्या गोष्टीवर गेली, ती उगाच लांबवलीय का यावर.

जाताना डेल्फिन व्हर्नाजवळ थांबली. मला वाटलं, गळ्यात पडेल. पण नाही. ती म्हणाली, "क्रीमने फरक पडला होता. आईच्या हातांना." आणि कोटाची बटणं लावून गेली. पुढे तिचा व्हर्नाला काही निरोप नाही, आणि व्हर्नानेही तिला शोधलं नाही.

शाळेला सुट्टी लागण्याआधी कट्टा बंद झाला. शेवटचं म्हणून काही लिहावं की नाही, यावर व्हर्नाने बराच विचार केला आणि काहीच लिहिलं नाही. त्या माणसांनी दुसरीकडे जागा केली आहे असं कळतं. तिथे दुसरं कुणीतरी राखण करतं. तिथे म्हणे आता तिसरा पक्षही झालाय, दमलेल्या लेखकांचा. त्याला ते रॉलीचा पक्ष म्हणतात. व्हर्नाला मी हे सांगितलं. "बरं," म्हणाली, आणि सँडविच खात राहिली.

वेंडेलने दोन-तीन रविवार फोन केले. पण रॉली आणि तो जे बोलायचे ते हिला बोलता येत नव्हतं आणि त्याला बसमधलं काही कळत नव्हतं. शांतता फार व्हायची. एका रविवारी फोन आला नाही, आणि कुणालाच वाईट वाटलं नाही.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पहिले काही आठवडे ती दुपारी सोफ्यावर बसून रिकाम्या फोनकडे बघायची. मग आडवी व्हायला लागली. आता दुपारी घोरते, आणि मला तिला फेरीच्या वेळेला हलवून उठवावं लागतं. उठली तरी अंग जड असतं तिचं. इतक्या वर्षांची झोप एका उन्हाळ्यात कुठून भरून निघणार? एकदा म्हणाली, "मला आता रॉली आठवतो. आधी आठवायचा नाही, कारण मी रोज तोच असायचे. आता आठवतो आणि त्रास होतो." मी म्हटलं, हे बरं की वाईट? तर म्हणाली, "माहीत नाही. पण माझं आहे."

गेल्या महिन्यात आम्ही दोघींनी ते तळघर रिकामं केलं. त्याचे कारखान्याचे बूट, मासिकांचे गठ्ठे, मोडकी खुर्ची. कॉम्प्युटर तिच्या गाडीत घालून भंगार गोळा करतात तिथे नेला. तिथल्या माणसाने विचारलं, आत काही ठेवलेलं हवंय का, बाई? व्हर्ना म्हणाली, "नाही." त्याने तो दुसऱ्या कॉम्प्युटरांवर रचला. मग आम्ही गाडी धुवायला गेलो, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ अजून खालच्या पत्र्याला चिकटलेलं होतं आणि पत्रा जागोजागी खाल्ला गेला होता.